'कॉम्प्युटर बिघडलाय' म्हणजे नक्की काय? मदत गट चालवणाऱ्यांनी आणि तिथे येणाऱ्यांनी लिहा

कळफलक

आम्ही काही जण मिळून एक कॉम्प्युटर मदत गट चालवतो. आठवड्यातून एकदा बसतो. ज्याला अडचण असेल त्याने लॅपटॉप किंवा फोन घेऊन यायचं, ज्याला जे ठाऊक असेल त्याने ते सांगायचं. फी नाही, वर्ग नाही, परीक्षा नाही. येणाऱ्यांत निवृत्त मंडळी जास्त. घरून हिशेब लिहिणारे, शिकवण्या घेणारे, 'मुलगा लांब असतो, फोनवर सांगतो ते समजत नाही' असे आईबाबाही बरेच.

माणूस जी तक्रार घेऊन येतो ती एक असते आणि खरं दुखणं भलतंच निघतं, हे इथे सारखं दिसतं. नुसते उपाय नेटवर पोत्याने सापडतात. तक्रारीपासून दुखण्यापर्यंत कसं पोचलात, ते या धाग्यात लिहा.

माझी भर:

'नेट चालत नाही.' एक काका जुना डेस्कटॉप घेऊन आले. फोनवर त्याच वायफायवर सगळं उघडतंय, कॉम्प्युटरवर मात्र जवळजवळ प्रत्येक साइट 'तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणते. काका राउटर बदलायच्या बेतात होते. खालच्या कोपऱ्यातलं घड्याळ पाहिलं तर तारीख कित्येक वर्षं मागची. मदरबोर्डवर नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी असते, ३ व्होल्टची. ती संपली की वीज काढल्यावर मशीनला तारीख आठवत नाही. आणि प्रत्येक सुरक्षित साइटच्या सर्टिफिकेटवर 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत' अशी मुदत असते. तुमचं घड्याळ त्या मुदतीबाहेर गेलं की ब्राउझरच्या लेखी ते सर्टिफिकेट बाद. बॅटरी बदलली, तारीख लावली, 'नेट आलं'.

'व्हायरस आलाय.' स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात दर थोड्या वेळाने लाल चौकट: 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले, इथे क्लिक करा'. अँटिव्हायरस चालवला तर काही सापडत नाही, म्हणून माणूस आणखी घाबरतो. बहुतेक वेळा ही ब्राउझरची नोटिफिकेशनं असतात. कुठल्या तरी साइटने 'तुम्ही रोबो नाही हे दाखवायला अलाऊ दाबा' म्हटलं आणि यांनी ते दाबलं. क्रोममध्ये सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. तिथे 'परवानगी दिलेल्या' साइटची यादी दिसते. अनोळखी नावं काढून टाकली की 'व्हायरस' गेला.

'मेमरी फुल झाली.' यावर तर वेगळा धागा निघेल. रॅम (चालू कामापुरती तात्पुरती मेमरी) कमी पडतेय, डिस्क भरलीय, फोनची जागा संपलीय, की गूगल खात्याचे १५ जीबी संपलेत? चारही दुखण्यांना लोक हेच म्हणतात. शेवटचं सगळ्यात फसवं. जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज या तिघांत मिळून ते १५ जीबी. १ जून २०२१ पासून नवे फोटोही त्यात मोजले जातात, आणि अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअपही आता त्यातच धरतात. ते भरले की नवी मेल येईनाशी होते. लोक फोनमधले व्हिडिओ पुसत बसतात आणि मेल तरीही येत नाही.

आमच्याकडे दोनच नियम आहेत. माऊस मालकाच्या हातात राहील. पासवर्ड कोणी सांगायचा नाही, कोणी विचारायचा नाही. टाइप करताना बाकीच्यांनी तोंड फिरवायचं.

---

बिनतारी

छान धागा. पुढील लेखनास शुभेच्छा.

आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळ जातो तो या संवादात:

'काय झालं?'
'एरर आली.'
'काय लिहिलं होतं?'
'काहीतरी इंग्रजीत होतं, मी बंद केलं.'

आता सगळ्यांना सांगून ठेवलंय की चौकट आली की आधी फोनने तिचा फोटो काढा, मग काय दाबायचं ते दाबा. फोटोत पूर्ण स्क्रीन येऊ द्या, नुसती चौकट नको. मागे कुठला प्रोग्रॅम उघडा होता, ब्राउझरमध्ये कुठली साइट होती, घड्याळात किती वाजले होते, हे सगळं त्यात आपोआप येतं. त्या एका फोटोने अर्धं काम होतं.

दुसरा प्रश्न 'शेवटचं नीट कधी चाललं आणि त्यानंतर काय बदललं?' याचं पहिलं उत्तर हमखास 'काहीच नाही'. थोडं थांबायचं. मग हळूच 'तसा नवीन राउटर बसवला' किंवा 'नातवाने काहीतरी टाकलंय' असं बाहेर येतं.

---

जुनापापी

आमच्याकडचं हमखास दुखणं म्हणजे 'कॉम्प्युटर स्लो झालाय'. 'बंद करून चालू केला होता का?' 'रोज रात्री बंद करतो हो!' आणि माणूस खरं बोलत असतो.

गोम अशी की विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली. 'शट डाऊन' केलं की तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही. त्याची अवस्था डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी तिथूनच पुढे चालू होतं. पुस्तकात खूण घालून मिटावं तसं. 'रीस्टार्ट' केलं की मात्र सगळं पहिल्यापासून.

पटत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा, खाली 'अप टाइम' लिहिलेलं असतं. रोज बंद होणाऱ्या मशीनचा अप टाइम कित्येक दिवसांचा दिसतो, तेव्हा लोकांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

उपाय: आठवड्यातून एकदा रीस्टार्ट. किंवा शिफ्ट दाबून धरून शट डाऊन, मग ते पूर्ण बंद होतं. ज्यांच्या मशीनमध्ये एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) आहे त्यांनी फास्ट स्टार्टअप बंदच केलं तरी फारसा फरक पडत नाही.

---

माऊसमामी

मी गट चालवणाऱ्यांतली नाही, गटात जाणाऱ्यांतली. तेव्हा आमचीही बाजू ऐका.

एक. 'सोप्पं आहे हो' म्हणू नका. तुम्हाला सोपं आहे म्हणून तर तुमच्याकडे आलो ना? सोपं म्हटलंत की पुढचा प्रश्न विचारायची लाज वाटते.

दोन. पटापट चार क्लिक करून 'झालं बघा' म्हणणारा माणूस मला नको. घरी गेल्यावर ते चार क्लिक कुठे शोधू? कळफलक यांचा माऊसचा नियम म्हणूनच फार आवडला.

तीन. मी वही ठेवली आहे. तीत 'सेटिंग्जमध्ये जा' असं लिहून चालत नाही, कारण अपडेट आलं की सेटिंग्जचं तोंडच बदलतं. म्हणून मी हवं काय आहे ते लिहिते. उदाहरणार्थ 'अक्षर मोठं करायचंय: शोधायच्या चौकटीत टेक्स्ट साइझ लिही'. स्टार्ट दाबून नुसतं टाइप केलं की हवं ते पान समोर येतं, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर अर्धी वही लिहावी लागली नसती.

आता माझी अडचण. एक प्रिंट अडकली की मागच्या सगळ्या अडकतात. रद्द केली तर 'डिलीटिंग' म्हणून तशीच बसते. प्रिंटर बंद करून झाला, कॉम्प्युटर रीस्टार्ट करून झाला (हो, रीस्टार्टच, शट डाऊन नाही!). ती हटत नाही.

---

खुडबुड्या

मामी, दंडवत. वहीची युक्ती आमच्या गटात उचलतोय.

तुमच्या प्रिंटबद्दल: कॉम्प्युटर प्रिंटरकडे जाणारी कामं आधी एका फोल्डरमध्ये रांगेत ठेवतो. त्यातली एखादी फाइल अर्धवट राहिली की मागची रांग खोळंबते. रीस्टार्टनंतरही ती फाइल तिथेच असते, म्हणून ती पुन्हा डोकं वर काढते. असं करा:

स्टार्ट दाबून 'सर्व्हिसेस' टाइप करा आणि उघडा. यादीत 'प्रिंट स्पूलर' सापडेल. त्यावर उजवं क्लिक करून 'स्टॉप'. मग सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सिस्टम३२, त्यात स्पूल, त्यात प्रिंटर्स. विंडोज परवानगी मागेल, द्या. त्या फोल्डरमधल्या फाइल पुसा. फोल्डर स्वतः पुसू नका, आणि सिस्टम३२ मध्ये दुसरीकडे कुठेही हात लावू नका. परत सर्व्हिसेसमध्ये येऊन प्रिंट स्पूलर 'स्टार्ट'. रांग रिकामी.

आता प्रिंटरचा विषय निघालाच आहे तर 'प्रिंटर ऑफलाइन' बद्दलही लिहितो, कारण तो माझा लाडका शत्रू आहे.

प्रिंटर समोर चालू आहे, दिवा हिरवा आहे, तरी कॉम्प्युटर म्हणतो ऑफलाइन. कारणं साधारण तीन. पहिलं, राउटर घरातल्या प्रत्येक उपकरणाला एक पत्ता देतो आणि तो कायमचा नसतो. वीज जाऊन आली की प्रिंटरला नवा पत्ता मिळू शकतो आणि कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर हाका मारत राहतो. राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरसाठी पत्ता राखून ठेवता येतो; एकदा केलं की कटकट मिटते. दुसरं, यादीत तोच प्रिंटर दोनदा असतो, एक खरा आणि एक 'कॉपी १' म्हणून. त्यातला मेलेला डिफॉल्ट असतो. तिसरं, राउटरच्या वायफायच्या दोन पट्ट्या असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ; घरातले बरेच वायफाय प्रिंटर फक्त २.४ वर चालतात. नवीन राउटर बसवताना दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी नावं दिली आणि प्रिंटर जोडताना ५ गिगाहर्ट्झचं नाव शोधत बसलात तर ते त्याला दिसणारच नाही. प्रिंटर बिघडलेला नसतो.

अवांतर: २.४ ची लहर भिंतींतून जास्त पोचते, ५ ची वेगवान पण भिंतींना हार मानते. आतल्या खोलीत व्हिडिओ कॉल तुटत असेल तर आधी कुठल्या नावाला जोडलंय ते बघा.

---

माऊसमामी

रांग रिकामी झाली, प्रिंट आली! फोल्डर उघडलं तेव्हा आत चार फाइली होत्या, त्यातली एक गेल्या महिन्यातली. धन्यवाद हो खुडबुड्या.

---

चष्मेबहाद्दर

थोडं विरोधात लिहितो, राग मानू नका.

'माऊस मालकाच्या हातात' हे ऐकायला छान वाटतं. पण येणाऱ्या प्रत्येकाला शिकायचं असतं असं नाही. एखाद्याला उद्या सकाळी फॉर्म भरायचाय, त्याला आज पीडीएफ लहान करून हवीय. त्याला मी कॉम्प्रेशन समजावत बसू? मी करून देतो. दोघांचाही वेळ वाचतो.

आणि काही प्रसंगी तर मालकाच्या हाताला माऊस लागूच देऊ नये. हार्ड डिस्क टिकटिक आवाज करतेय, त्यात वर्षानुवर्षांचे फोटो आहेत, दुसरी प्रत नाही. अशा वेळी प्रत्येक मिनिट डिस्क चालू ठेवणं धोक्याचं. लोक काय करतात? पुन्हा पुन्हा चालू करून बघतात. 'चेक डिस्क' चालवतात, म्हणजे मरत्या डिस्कला आणखी पळवतात. नाहीतर फाइल परत मिळवायचं सॉफ्टवेअर उतरवतात आणि त्याच डिस्कवर बसवतात. ज्या जागेवरची फाइल परत हवी होती, नेमकी ती जागा त्या सॉफ्टवेअरने व्यापली जाऊ शकते.

टिकटिक ऐकू आली की बंद करा. घरगुती उपाय नाहीत. डेटा खरंच मोलाचा असेल तर तो काढणाऱ्या तज्ज्ञाकडेच द्यायचा.

डिस्क ठणठणीत असून चुकून फाइल पुसली असेल तर गोष्ट वेगळी. जुन्या फिरत्या डिस्कवर बऱ्याचदा परत मिळते. एसएसडीवर आशा कमी. ट्रिम नावाची आज्ञा 'ही जागा आता लागत नाही' असं एसएसडीला कळवते आणि ती आपल्या सोयीने ती जागा साफ करून टाकते. पेन ड्राइव्हवरची पुसलेली फाइल तर रिसायकल बिनमध्ये जातच नाही, हेही पुष्कळांना माहीत नसतं.

---

कळफलक

चष्मेबहाद्दर, मरणाऱ्या डिस्कबद्दल शंभर टक्के सहमत. तिथे शिकवणी नाहीच.

पीडीएफबद्दल नाही. तोच माणूस पुढच्या महिन्यात दुसरा फॉर्म घेऊन येतो. तेव्हा तुम्ही नसलात तर तो नेटवर 'पीडीएफ लहान करा' शोधतो आणि समोर येईल त्या साइटवर आपलं ओळखपत्र चढवतो. मला भीती त्याची आहे. पाच मिनिटं जास्त गेली तरी चालतील.

---

चष्मेबहाद्दर

हा मुद्दा बरोबर आहे. पण पाच मिनिटं तुमची; माझ्याकडे वीस होतात. :)

---

शंकासुर

मध्येच घुसतोय, माफ करा. आईच्या लॅपटॉपवर बायॉसचं (विंडोजच्याही आधी सुरू होणारा मशीनमधला प्रोग्रॅम) अपडेट आलं, ते झालं आणि आता निळ्या स्क्रीनवर 'बिटलॉकर रिकव्हरी की टाका' म्हणतोय. ४८ आकडी. आई म्हणते 'मी असलं काही लावलंच नव्हतं'. फॉरमॅट मारू का?

---

बिनतारी

थांबा! फॉरमॅट अजिबात नको.

आईंनी खरंच काही लावलं नसेल. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन केलं की बऱ्याच मशीनवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते, आणि किल्लीची एक प्रत त्याच खात्यात जाऊन बसते. एरवी किल्ली मशीनमधली टीपीएम चिप स्वतःच लावते, म्हणून आपल्याला पत्ता नसतो. बायॉस बदलला की चिपला 'हे तेच मशीन आहे का?' अशी शंका येते आणि ती किल्ली तुमच्याकडे मागते.

दुसऱ्या मशीनवरून किंवा फोनवरून आईंच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जा, तिथे डिव्हाइसच्या माहितीत बिटलॉकरच्या किल्ल्या दिसतील. निळ्या स्क्रीनवर 'की आयडी' दिलेला असतो, त्याची पहिली आठ अक्षरं जुळणारी किल्ली वापरा. खातं दोन-तीन असतील तर सगळ्यांत बघा. पुष्कळदा लॅपटॉप पहिल्यांदा चालू करणाऱ्याचं खातं असतं, म्हणजे मुलाचं किंवा दुकानदाराने बनवलेलं.

किल्ली कुठल्याच खात्यात नसेल तर मात्र आतला डेटा गेलाच समजा. ते कुलूप फोडता येत नाही, म्हणून तर ते कुलूप.

---

शंकासुर

सापडली! माझ्याच खात्यात होती, लॅपटॉप मी लावून दिला होता. चालू झाला. कागदावर लिहून कपाटात ठेवतो.

---

निवांत

कपाटात ठेवा, पण लॅपटॉपच्या बॅगेत नको.

मी जरा गंभीर विषय मांडते. आमच्या गटात आलेल्या एका बाईंना 'कस्टमर केअर'चा नंबर हवा होता. त्यांनी तो सर्चमध्ये शोधला, पहिल्या जाहिरातीतला लावला. पलीकडचा माणूस अतिशय गोड. 'स्क्रीन दिसेल असं एक ॲप टाका, मी मदत करतो.' ॲप खरं होतं, लाखो लोक कामासाठी वापरतात ते. त्यामुळे अँटिव्हायरसही गप्प. मग 'रिफंड जमा झाला का बघायला बँकेचं ॲप उघडा'. पुढचं सांगायला नको.

त्या आमच्याकडे आल्या तेव्हा ॲप फोनवर तसंच होतं. त्या वेळी आम्ही ज्या क्रमाने वागलो तो लिहून ठेवते, कुणाला लागला तर असू दे. आधी नेट तोडलं, वायफाय आणि मोबाइल डेटा दोन्ही. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं आणि कार्ड थांबवलं, नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो तो. मग दुसऱ्या मशीनवरून मेलचा पासवर्ड बदलला. मेलचा सगळ्यात आधी, कारण बाकी प्रत्येक ठिकाणचा 'पासवर्ड विसरलो' मेलवरच येतो. त्यानंतर मेल खात्यात 'सगळ्या डिव्हाइसवरून लॉग आउट', आणि मेल परस्पर दुसरीकडे पाठवण्याची सोय कुणी लावून ठेवली नाही ना ते पाहिलं. ही शेवटची तपासणी हमखास राहून जाते. पासवर्ड बदलला तरी फॉरवर्डिंग चालूच राहतं.

बँकेला जितक्या लवकर कळवाल तितके पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. लाजेने लोक दोन दिवस गप्प बसतात, तेच महागात पडतं. त्यामुळे त्या माणसाला 'असं कसं केलंत?' विचारू नका. पोलिसांत तक्रार करायला सोबत जा.

आणि स्क्रीनभर पसरलेला, आवाज करणारा 'कॉम्प्युटर लॉक झालाय, या नंबरवर फोन करा' हा इशारा सरसकट खोटा. मायक्रोसॉफ्ट आपल्या एररमध्ये फोन नंबर देत नाही. ते नुसतं एक वेबपान असतं. एस्केप दाबून धरा, नाहीतर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. परत उघडल्यावर 'जुनी पानं पुन्हा उघडू का?' विचारलं तर नाही म्हणा.

---

माऊसमामी

निवांत, हे सगळं वहीत उतरवलं. पासवर्ड दर महिन्याला बदलायचा असतो ना पण? आमच्या ह्यांना ऑफिसात बदलावा लागायचा.

---

निवांत

मामी, उलट आता तसं नका करू म्हणतात. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०१७ सालीच सांगितलं की कारण नसताना ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये. लोक शेवटचा आकडा तेवढा वाढवत जातात. लांब ठेवा, चार-पाच असंबद्ध शब्दांचा, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा. फुटल्याचा संशय आला की मात्र लगेच बदला. वहीत लिहिलात तरी चालेल, घरातली वही चोरायला परदेशातला चोर येत नाही. पण ती मदत गटात आणायची वही नको. वेगळी ठेवा.

---

उंटावरचा

आमच्याकडे येणारी एक खास आपली अडचण: 'जुनी फाइल उघडली तर मराठीऐवजी इंग्रजी कचरा दिसतोय'. लोकांना वाटतं फाइल खराब झाली.

फाइल धडधाकट असते. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागीच मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात. तो फॉन्ट मशीनवर नसला की मूळची इंग्रजी अक्षरं दिसतात. वाचण्यापुरतं हवं असेल तर तो फॉन्ट टाकला की झालं. कायमचा उपाय म्हणजे युनिकोडमध्ये (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत) रूपांतर. त्यासाठी नेमका कुठला फॉन्ट होता ते कळायला हवं, कारण प्रत्येकाची मांडणी वेगळी. वर्डमध्ये मजकुरावर क्लिक केलं की वरच्या चौकटीत नाव दिसतं, मशीनवर तो फॉन्ट नसला तरी.

रूपांतर झाल्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. पहिली वेलांटी, रफार आणि 'ऱ्य' या तीन ठिकाणी हमखास घोळ होतो. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रूपांतर करणारा प्रोग्रॅम ही अदलाबदल चुकला की वेलांटी शेजारच्या अक्षराच्या गळ्यात. 'ऱ्य'साठी इन्स्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीवर शिफ्ट दाबून इंग्रजी जे ची कळ, मग हलन्त, मग य.

अजून एक गंमत. 'ॲ' दोन प्रकारे लिहिला जातो: 'अ'वर चंद्र देऊन, नाहीतर एकसंध अक्षर म्हणून. हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं. दिसायला दोन्ही सारखे, पण एकाने लिहिलेलं 'ॲप' दुसऱ्याच्या शोधात सापडेलच असं नाही. सभासदांच्या यादीत एखादं नाव 'गायब' असेल तर हे तपासा.

---

खुडबुड्या

हे 'ॲ'चं प्रकरण भारी आहे. वाचनखूण साठवली.

---

जुनापापी

विंडोज १० चं कुणी काढलं नाही अजून? आमच्याकडे सध्या तोच मोसम आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याची नेहमीची अपडेट थांबली. नोंदणी केली तर घरगुती वापराला सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. लोक येतात ते 'आता मशीन बंद पडणार का?' विचारत. बंद पडत नाही. चालतच राहतं, फक्त नवी भोकं बुजवली जात नाहीत. बँकेचं काम त्यावर करू नका एवढं नक्की.

विंडोज ११ ला टीपीएम २.०, ठरावीक यादीतला प्रोसेसर, किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. टीपीएम पुष्कळ मशीनमध्ये असते पण बायॉसमध्ये बंद असते, त्यामुळे 'चालत नाही' ऐकून लगेच नवीन घ्यायला धावू नका. प्रोसेसरच जुना असेल तर मात्र सरळ मार्ग नाही. आडमार्गाने ११ चढवता येतं, पण मदत गटाने ते करू नये असं माझं स्पष्ट मत. पुढचं अपडेट अडकलं की निस्तरायला आपल्यालाच बोलावणार.

ज्यांचं काम ब्राउझर, मेल आणि पत्रं लिहिण्यापुरतं आहे त्यांना आम्ही लिनक्स मिंट (विंडोजऐवजी वापरता येणारी फुकट सिस्टम) पेन ड्राइव्हवरून चालवून दाखवतो. डिस्कला हात न लावता तासभर वापरून बघता येतं. आवडलं तर पुढचं. पण प्रिंटर आणि स्कॅनर त्याच बैठकीत जोडून बघा. स्कॅनर चालला नाही म्हणून परत आलेले लोक आहेत.

---

उंटावरचा

अवांतर, पण राहवत नाही. आपण करतोय ते अगदी जुनं आहे. १९५५ मध्ये आयबीएमच्या मोठ्या मशीन वापरणाऱ्यांनी 'शेअर' नावाचा गट काढला, आपण लिहिलेले प्रोग्रॅम एकमेकांना द्यायला. ५ मार्च १९७५ ला कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कमध्ये गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये होमब्रू कॉम्प्युटर क्लबची पहिली बैठक झाली. त्या बैठकीला स्टीव्ह वोझ्निअॅक हजर होता आणि पुढे त्याने ॲपल-१ याच क्लबात दाखवला. बॉस्टन कॉम्प्युटर सोसायटी १९७७ मध्ये जोनाथन रोटेनबर्ग या १३ वर्षांच्या मुलाने काढली. १९९६ मध्ये ती बंद झाली, तोवर लोक नेटवरच उत्तरं शोधायला लागले होते.

मला तरी वाटतं, तेव्हा माहिती दुर्मीळ होती म्हणून लोक जमायचे. आता माहितीचा पूर आहे आणि त्यातलं आपल्या मशीनला कुठलं लागू ते सांगणारं माणूस मिळत नाही, म्हणून जमतात.

---

शंकासुर

आईचं सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवायला घेतलंय. दोन प्रश्न. १ टीबीची नवी डिस्क ९३१ जीबीच दाखवतेय, फसवलं का? आणि पेन ड्राइव्हवर जागा असून लग्नाचा व्हिडिओ 'फाइल फार मोठी आहे' म्हणून जात नाही.

---

बिनतारी

फसवलं नाही. डिस्क बनवणारे १ टीबी म्हणजे एकावर बारा शून्यं इतके बाइट धरतात. विंडोज १ जीबी म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट धरतं. भागून बघा, ९३१ येतील. तीच डिस्क मॅकला लावा, १ टीबी दाखवेल.

पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला असणार. त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी बसत नाही, जागा कितीही असो. आतलं सगळं दुसरीकडे काढून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

आणि बाहेरच्या डिस्कवर उतरवलं म्हणून लॅपटॉपवरचं पुसू नका, नाहीतर प्रत पुन्हा एकच उरेल. गूगल ड्राइव्हवर सिंक आहे म्हणूनही निर्धास्त राहू नका. सिंकमध्ये इकडे पुसलं की तिकडूनही जातं, आणि ट्रॅशमध्ये बहुतेक ठिकाणी ३० दिवसच राहतं.

---

शंकासुर

एक्सफॅट केलं, व्हिडिओ जातोय. चाळीस मिनिटं दाखवतोय.

---

बिनतारी

मागच्या काळ्या पोर्टला लावलाय का? शेजारी निळा असेल तर त्यात लावून बघा. पेन ड्राइव्ह यूएसबी ३ चा असेल तर बराच फरक पडेल.